तेलातल्या नायट्रोजनची भावकी: हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमेट्री पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मराठवाड्याच्या पायाखाली बसाल्टचा काळा खडक आहे, तेलविहीर इथं कुठंच नाही. तरीही पेट्रोलियमवर काम करू पाहणारी मुलं-मुली मला नेहमी भेटतात. कुणी नांदेडहून ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेलं, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पीएच.डी.ला लागलेलं, कुणी जालन्याच्या आयसीटी कॅम्पसमध्ये शिकणारं. एचपीएलसी आणि जीसी ही मिश्रणातली संयुगं वेगळी करणारी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली असतात. रेणूंचं वस्तुमान दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत मोजणारा हाय-रिझोल्यूशन मास स्पेक्ट्रोमीटर मात्र लांबच्या शहरात असतो आणि त्यावर स्लॉट मिळतो एका दिवसाचा. त्या दिवसाआधी काय तयारी करायची, त्या दिवशी कशावर डोळा ठेवायचा आणि परत आल्यावर हजारो आकड्यांच्या ढिगातून नायट्रोजनची संयुगं खात्रीनं कशी ओळखायची, ते इथं लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्या पीकला (स्पेक्ट्रममधल्या उभ्या सुळक्याला) सूत्र देऊन मोकळं व्हायचं नाही. पेट्रोलियममधलं खरं संयुग एकटं कधी सापडत नाही. त्याच्या मागं-पुढं एकेका सीएच२च्या अंतरावर त्याचे भाऊबंद ओळीनं उभे असतात. पुस्तकात याला होमोलॉगस सिरीज म्हणतात, आम्ही भावकी म्हणतो. भावकी दिसली तर सूत्र मान्य, नाही दिसली तर संशय.

आधी प्रश्न, मग यंत्र

कच्च्या तेलात नायट्रोजन वजनानं बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. मग त्याच्या मागं एवढं का लागायचं? कारण तो थोडा असूनही रिफायनरीचा जीव खातो. पिरिडिनसारखी बेसिक (अल्कधर्मी) संयुगं क्रॅकिंगच्या आम्लधर्मी कॅटॅलिस्टवर जाऊन चिकटतात आणि त्याच्या कामाच्या जागा अडवून बसतात. डिझेलमधलं गंधक काढताना हीच संयुगं, आणि त्यांच्याबरोबर कार्बाझोलसुद्धा, गंधकाच्या हट्टी संयुगांची वाट अडवतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. तेव्हापासून नायट्रोजनचा प्रश्न जास्तच टोचायला लागला. इंडोलसारखी संयुगं साठवणुकीत तेलाचा रंग गडद करतात आणि चिकट गाळ धरतात. खेड्यात ट्रॅक्टरवाल्याच्या कॅनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेलं डिझेल काळपटतं, त्याची जी कारणं असतात त्यातलं हे एक.

तुमचा प्रश्न यातला कुठला, ते कागदावर एका वाक्यात लिहा. कॅटॅलिस्टचा प्रश्न असेल तर बेसिक नायट्रोजन बघायचा. साठवणुकीचा असेल तर न्यूट्रल नायट्रोजन आधी. आणि काही प्रश्नांना हे यंत्र उत्तरच देत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. बेन्झोकार्बाझोलच्या दोन आयसोमरांच्या प्रमाणावरून तेल खडकातून किती लांब सरकत आलं याचा अंदाज बांधण्याची पद्धत १९९६ पासून चर्चेत आहे. पण आयसोमरांचं सूत्र एकच असतं, वस्तुमान एकच असतं. कितीही भारी मास स्पेक्ट्रोमीटर आणा, त्याला ते दोघं एकच दिसणार. त्या कामाला आधी जीसीच हवी.

नायट्रोजनची दोन घराणी

पिरिडिन, क्विनोलिन, ॲक्रिडिन या घराण्यात नायट्रोजनची इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी असते. ती प्रोटॉन सहज धरते, म्हणून ही संयुगं बेसिक. इंडोल, कार्बाझोल, बेन्झोकार्बाझोल या घराण्यात तीच जोडी रिंगच्या आत गुंतलेली असते. प्रोटॉन धरायला ती मोकळी नसते, उलट नायट्रोजनवरचा हायड्रोजन थोडा सुटा होतो. म्हणून ती न्यूट्रल.

हा फरक नीट कळला की निम्मं काम झालं, कारण इलेक्ट्रोस्प्रे आयनायझेशन (द्रावणाचा भारित फवारा उडवून रेणूंचे आयन बनवणं) नेमकं यावरच चालतं. पॉझिटिव्ह मोडमध्ये बेसिक संयुगं एक प्रोटॉन घेऊन येतात, निगेटिव्ह मोडमध्ये न्यूट्रल संयुगं एक प्रोटॉन सोडून येतात. तेलातले बाकीचे बहुसंख्य हायड्रोकार्बन इलेक्ट्रोस्प्रेला जवळजवळ दिसतच नाहीत. याला मी या पद्धतीचं वरदान समजतो. कॉलम क्रोमॅटोग्राफीनं आठवडाभर वेगळं करत बसण्याचं काम स्प्रेच करून देतो. प्रथिनांसारखे मोठे रेणू मोजण्यासाठी ही पद्धत घडवल्याबद्दल जॉन फेन यांना २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तेलाच्या लोकांना ती अशी आयती लाभली.

निगेटिव्ह मोडला एक खोड आहे. तेलात नॅप्थेनिक आम्लं असली तर ती कार्बाझोलच्या आधी प्रोटॉन सोडतात आणि सगळा सिग्नल खाऊन टाकतात. आम्लता जास्त असलेल्या तेलात कार्बाझोल दिसलं नाही, म्हणजे ते नाहीच असा अर्थ काढू नका.

एपीपीआय, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं आयन बनवणं, हा तिसरा मार्ग. तो हायड्रोकार्बन आणि गंधकवाली थायोफीनसुद्धा दाखवतो, त्यामुळे चित्र पूर्ण येतं पण गर्दी फार होते. पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका.

रिझोल्यूशनचा हिशोब

मोंढ्यात तूर आणि सोयाबीन एका पोत्यात मिसळली तर चाळणीनं वेगळी होईल. पण एकाच आकाराच्या दोन जातींची तूर मिसळली तर चाळणी काय करणार? पेट्रोलियममध्ये अशा जोड्या पावलोपावली आहेत. सगळ्यात कुप्रसिद्ध जोडी म्हणजे एकीकडे तीन कार्बन आणि दुसरीकडे एक गंधक व चार हायड्रोजन. पहिल्याचं वस्तुमान ३६.००००, दुसऱ्याचं ३६.००३४. फरक ३.४ मिलिडाल्टन. म्हणजे फक्त नायट्रोजन असलेलं संयुग आणि नायट्रोजनसोबत गंधकही असलेलं संयुग यांच्यात एवढीच फट राहू शकते.

ही फट एम/झेड (आयनचं वस्तुमान भागिले त्याचा विद्युतभार) ४००ला उघडायची तर ४०० भागिले ०.००३४, म्हणजे किमान १,१८,००० रिझोल्यूशन लागतं. एक पीक उंच आणि दुसरं बुटकं असेल तर त्याहून जास्त. आता ऑर्बिट्रॅप या जातीच्या यंत्राच्या माहितीपत्रकातला आकडा बहुधा एम/झेड २००चा असतो, आणि पुढं तो वर्गमुळाच्या हिशोबानं घसरतो. १,२०,०००चं सेटिंग ४००ला जेमतेम ८५,००० देतं. २,४०,०००चं सेटिंग ४००ला १,७०,००० देतं, पण ही जोडी तिथंही साधारण ५००पर्यंतच सुटते. स्लॉट मागताना ‘हाय-रिझोल्यूशन हवं’ एवढं म्हणून भागत नाही. ‘एम/झेड ४००ला किती?’ असं विचारा.

मोठ्या चुंबकावर चालणारी एफटी-आयसीआर यंत्रं याहून पुष्कळ पुढं जातात. ही पद्धत १९७४मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मेल्विन कोमिसारो आणि ॲलन मार्शल यांनी उभी केली. पुढं मार्शल यांनी फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या चुंबकीय प्रयोगशाळेत ती तेलावर चालवली आणि ‘पेट्रोलिओमिक्स’ (तेलातल्या सगळ्या संयुगांचा एकत्र अभ्यास) हा शब्द रूढ झाला. तिथं आज २१ टेस्लाच्या चुंबकावर हे काम होतं. आपल्या हाताशी बहुतेक वेळा ऑर्बिट्रॅपच येणार. निराश व्हायचं कारण नाही. मुंबई हायसारख्या कमी गंधकाच्या तेलात गंधकाची ती जोडी मुळातच कमी त्रास देते, आणि एम/झेड ४५०च्या आतलं चित्र नीट काढलं तरी प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं.

यंत्र कुठं आहे ते शोधायला केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. देशभरातल्या संस्थांमधली यंत्रं त्यावर नोंदलेली असतात आणि बाहेरच्या विद्यार्थ्यालाही वेळ मागता येतो. आयआयटी मुंबईच्या सैफसारखी केंद्रंही बाहेरचे नमुने घेतात. अर्ज करण्याआधी फोन करून एकच प्रश्न नक्की विचारा: तेलाचा नमुना चालेल का? काही लॅब प्रथिनांच्या कामासाठी यंत्र राखून ठेवतात आणि तेल आत घेत नाहीत. त्यात त्यांचं चुकत नाही, स्प्रेच्या नळीत राहिलेलं तेल धुवायला वेळ जातो.

पहिला नमुना कुठला

बरेच जण ट्रॅक्टरचं काळं इंजिन ऑइल घेऊन येतात, कारण ते सहज मिळतं. ते घेऊ नका. त्यातला बराचसा नायट्रोजन पेट्रोलियमचा नसतोच. ऑइल टिकावं म्हणून कंपन्या त्यात अल्किलेटेड डायफिनाइलअमाइन घालतात, काजळी तरंगती राहावी म्हणून सक्सिनिमाइड घालतात. पॉझिटिव्ह मोडमध्ये ३९४.३४६८ला मोठं पीक उभं दिसलं, तर ते बहुधा दोन ऑक्टिल गट लावलेलं डायफिनाइलअमाइन असतं, सी२८एच४३एन. त्याचा अभ्यास वेगळा आणि चांगलाही, पण तो तेलाच्या मूळ नायट्रोजनचा नव्हे. बीएस-६ डिझेलही पहिल्या खेपेला नको, त्यातला नायट्रोजन हायड्रोट्रीटिंगनं (हायड्रोजनच्या प्रक्रियेनं) इतका उतरवलेला असतो की नवख्या हाताला ब्लँक (नमुना न घातलेलं नुसतं द्रावक) आणि नमुना यातला फरकच कळत नाही.

रिफायनरीतून कच्चं तेल किंवा व्हॅक्यूम गॅस ऑइल मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर माझी शिफारस रस्त्याच्या डांबराची. व्हीजी-३० या प्रतीचं डांबर आपल्याकडं बऱ्याच रस्त्यांच्या कामांवर मिळतं, त्यात नायट्रोजन भरपूर असतो, आणि ते उडून जात नाही. फक्त स्टोअरकीपरला विचारून घ्या की त्यात पॉलिमर किंवा खडी धरून ठेवणारं अमाइनचं रसायन मिसळलंय का. मिसळलं असेल तर दुसरीकडचं घ्या. डांबर थेट वापरायचं नाही. एक ग्रॅम डांबराला ४० मिलिलिटर एन-हेप्टेन घालून रात्रभर ठेवा, सकाळी गाळा. वर राहतं ते ॲस्फाल्टीन, खाली उतरतं ते माल्टीन. माल्टीनमधलं हेप्टेन उडवून टाका आणि तोच भाग वापरा. ॲस्फाल्टीन मिथेनॉलमध्ये साकळून स्प्रेची नळी बंद करतं.

प्रवासाचंही बघा. रेल्वेत ज्वलनशील माल सोबत नेण्यास बंदी आहे. टोल्युइनमधलं द्रावण पिशवीत घालून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं निघू नका. कोरडं माल्टीन काचेच्या छोट्या बाटलीत, सेफ्टी डेटा शीटसह, ज्या कुरिअरला असा माल न्यायची परवानगी आहे त्याच्याकडून आधी पाठवा. द्रावण तिथं पोचल्यावर बनवायचं.

काच, फक्त काच

आता माझ्याबाबत घडलेलं सांगतो. एका लॅबमध्ये पॉझिटिव्ह मोडमध्ये माझा पहिला खरा नमुना चालला तेव्हा सगळ्यात उंच पीक होतं ३३८.३४१७, आणि त्याच्या खालोखाल २८२.२७९१. दोन्ही सम आकडे, म्हणजे नायट्रोजन आहे. सूत्रं निघाली सी२२एच४३एनओ आणि सी१८एच३५एनओ. दोघांत बरोबर चार सीएच२चं अंतर. मला वाटलं, नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही असलेला नवाच वर्ग हाती लागला. दोन आठवडे त्यावर वाचत बसलो. मग आमच्या सरांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “भावकी कुठंय याची, लेकरा?” २८२ आणि ३३८च्या मध्ये २९६, ३१०, ३२४ला कुणीच नव्हतं. पेट्रोलियममध्ये असं होत नाही. तिथं सी१८ आणि सी२२ असतील तर सी१९, सी२०, सी२१ही असतात, निसर्ग मधली घरं रिकामी सोडत नाही. ती दोन पीकं होती एरुकामाइड आणि ओलिअमाइडची. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झाकणं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कारखान्यात घालतात ती रसायनं. नमुना पॉलिथिनच्या झाकणाच्या बाटलीत ठेवला होता आणि टोल्युइननं झाकण धुऊन ते सगळं आत ओढलं होतं.

ते दोन आठवडे मला आजही लागतात, कारण साधा ब्लँक चालवला असता तर पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणून नियम असा ठेवा: टोल्युइन जिथं जिथं पोचेल तिथं काच किंवा टेफ्लॉन. काचेची पिपेट, काचेची सिरिंज, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. मायक्रोपिपेटची प्लॅस्टिक टिप टोल्युइनमध्ये बुडवायची नाही. पॅराफिल्म गुंडाळायची नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, पण त्या बोटांनी व्हायलच्या तोंडाला स्पर्श नको.

ब्लँकमध्ये हमखास भेटणारी आणखी काही मंडळी वहीत लिहून ठेवा. ३९१.२८४३ हे थॅलेटचं, प्लॅस्टिकमधून येतं. ३७१.१०१२ आणि ४४५.१२०० ही सिलोक्सेनची, हवेतूनही येतात. १०२.१२७७ म्हणजे ट्रायइथाइलअमाइन आणि १८६.२२१६ म्हणजे ट्रायब्यूटाइलअमाइन. शेवटची दोन आधीच्या कुणीतरी एलसीमध्ये वापरलेली असतात आणि महिनोन्‌महिने नळीतून निघत नाहीत.

द्रावण असं करा. ५ मिलिग्रॅम नमुना नेमका तोलून १ मिलिलिटर टोल्युइनमध्ये विरघळवा, हा स्टॉक. त्यातून टोल्युइन आणि मिथेनॉल एकास एक अशा मिश्रणात उतरवत साधारण ०.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवर आणा. आणखी दोन व्हायल करा, एक ०.१ची आणि एक ०.५ची, त्या कशाला ते पुढं येतंय. पॉझिटिव्ह मोडसाठी फॉर्मिक ॲसिड अर्धा ते एक टक्का, निगेटिव्हसाठी अमोनियाचं द्रावण तेवढंच. दोन्ही एकाच व्हायलमध्ये कधीच नाही. पातळ द्रावण त्याच दिवशी करा. आपल्याकडच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत टेबलावर तासभर उघडी राहिलेली व्हायल बघा. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं आणि टोल्युइन ११०ला, त्यामुळे मिथेनॉल आधी उडतं. मग कॉन्संट्रेशनही बदलतं आणि स्प्रेही बिघडतो. टोल्युइन आग धरतं, मिथेनॉल विषारी आहे. काम फ्यूम हूडमध्येच करा, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता वेस्टच्या बाटलीत जमा करा.

यंत्रावरचा दिवस

ऑपरेटर दादा किंवा ताई जे असतील त्यांना सकाळीच तुमचा क्रम लिहून द्या: ब्लँक, स्टँडर्ड, ब्लँक, सगळ्यात पातळ नमुना, मधला, घट्ट, पुन्हा ब्लँक. स्टँडर्ड म्हणून पॉझिटिव्हमध्ये क्विनोलिन (१३०.०६५१) आणि ॲक्रिडिन (१८०.०८०८), निगेटिव्हमध्ये कार्बाझोल (१६६.०६६२). सिरिंज पंपानं मिनिटाला ३ ते ५ मायक्रोलिटर सोडा, व्होल्टेज साधारण ३ ते ४ किलोव्होल्ट, रेंज १२० ते १०००. आकडे यंत्रागणिक थोडे हलतात. बघायचं ते एवढंच की टोटल आयन करंटची (यंत्रात पोचणाऱ्या एकूण आयनांची) रेघ सपाट चालली आहे की थरथरतेय. थरथरत असेल तर डेटा घेऊ नका, आधी स्प्रे स्थिर करा. नंतर शंभर-दोनशे स्कॅन जमा करून सरासरी घ्या.

लोभ करू नका, हा या दिवसाचा सगळ्यात मोठा सल्ला. सिग्नल कमी वाटतो म्हणून आत जास्त आयन भरले की ते एकमेकांना ढकलतात आणि सगळी वस्तुमानं एका बाजूला सरकतात. तीन व्हायल त्यासाठीच केल्या. ०.१, ०.२५ आणि ०.५ या तिन्हींत वर्गांचं (एन१, एन२ अशा सूत्रगटांच्या वाट्याचं) चित्र सारखंच आलं तर मधला डेटा घ्या. ०.५मध्ये ते बदललं असेल तर जोरदार संयुगं दुबळ्यांना दाबतायत असं समजा आणि पातळ नमुन्याकडं वळा.

निघताना प्रोफाइल स्वरूपातला कच्चा डेटा मागून घ्या. फक्त पीक लिस्टवर समाधान मानू नका. दोन पीकं खरंच सुटी आहेत की एकाच्या खांद्यावर दुसरं बसलंय, ते प्रोफाइलमध्येच दिसतं.

सूत्र देणं

इथं घाई नको. सॉफ्टवेअर आहेतच, पायथन येत असेल तर कोरएमएस मोफत मिळतं. पण पहिली पन्नास पीकं एक्सेलमध्ये हातानं सोडवा. त्याशिवाय सॉफ्टवेअर कुठं चुकतंय ते कधी कळणार नाही.

आधी कॅलिब्रेशन. ठळक दिसणारी एक भावकी घ्या, तिच्या प्रत्येक सदस्याचं खरं आणि मोजलेलं वस्तुमान मांडा. फरक भागिले खरं वस्तुमान, गुणिले दहा लाख, ही झाली पीपीएममधली चूक. मोजलेलं २८४.२३७५ आणि खरं २८४.२३७३ असेल तर चूक ०.७ पीपीएम. ही चूक एम/झेडसमोर ठेवून आलेख काढा. ठिपके शून्याच्या वर-खाली विखुरलेले दिसले तर ठीक. एका बाजूला उतार दिसला तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. एक पीपीएमच्या आत आल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग नायट्रोजनचा नियम. पॉझिटिव्ह मोडमध्ये प्रोटॉन धरलेल्या संयुगात नायट्रोजन एक असेल तर एम/झेड सम येतो, एकही नसेल किंवा दोन असतील तर विषम. म्हणून आधी सगळी सम पीकं बाजूला काढा.

आता भावकी जुळवायची. त्यासाठी १९६३मध्ये एडवर्ड केंड्रिक यांनी सुचवलेली साधी युक्ती आहे. सीएच२चं वस्तुमान १४.०१५६५ न धरता बरोबर १४ धरायचं, म्हणजे प्रत्येक एम/झेडला १४ भागिले १४.०१५६५नं गुणायचं. करून बघा. क्विनोलिनचा १३०.०६५१ होतो १२९.९१९९. आता स्पेक्ट्रममधलं २८४.२३७३ घ्या, ते होतं २८३.९१९९. दशांशानंतरचे आकडे तेच! जवळच्या पूर्णांकापासूनचं अंतर दोन्हीकडं ०.०८०१. म्हणजे २८४.२३७३ हे क्विनोलिनच्याच ओळीतलं, अकरा सीएच२ पुढं, सी२०एच२९एन. ॲक्रिडिनचं तेच अंतर येतं ०.१२०३, म्हणून ती ओळ वेगळी. एक्सेलमध्ये या अंतरावर सॉर्ट केलं की गोंधळलेला स्पेक्ट्रम घराघरांत वाटला जातो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो.

पण एरुकामाइड आणि ओलिअमाइडचंही केंड्रिक अंतर एकच आहे, हे ध्यानात ठेवा. अंतर जुळणं पुरेसं नाही, मधली घरं भरलेली हवीत. आणि उंची सी१५, सी१६, सी१७ अशी हळूहळू चढून हळूहळू उतरायला हवी. मधूनच एकटं सुळक्यासारखं वर आलेलं पीक दिसलं की ब्लँक उघडून बघा.

पुढची परीक्षा आयसोटोपची. सी२०च्या संयुगासोबत १.००३४ पुढं, म्हणजे २८५.२४०६ला, त्याच्या सुमारे एकवीस-बावीस टक्के उंचीचं पीक हवं, कारण निसर्गातल्या कार्बनपैकी १.१ टक्के कार्बन-१३ असतो. नेमकं इथंच नवखे फसतात. दोन नायट्रोजन असलेल्या सी१९एच२८एन२चं पीक येतं २८५.२३२५ला. फरक ८.१ मिलिडाल्टनचा. रिझोल्यूशन कमी पडलं किंवा पीपीएमची सूट सैल ठेवली, की कार्बन-१३ची सगळी पीकं दोन-नायट्रोजनवाली म्हणून नोंदली जातात आणि तेलात नसलेला एक अख्खा वर्ग कागदावर उभा राहतो. एन२चा वर्ग तुमच्या निकालात दणदणीत आला असेल तर आधी हेच तपासा.

सूत्रांना मर्यादाही घाला: नायट्रोजन तीनपर्यंत, गंधक दोन, ऑक्सिजन तीन. सोडियम आणि क्लोरीन पहिल्या फेरीत नकोत. पर्याय जेवढे जास्त द्याल तेवढी खोटी सूत्रं जास्त बसतील.

डीबीईचं चित्र

प्रत्येक सूत्राला एक आकडा काढा: कार्बन, वजा अर्धे हायड्रोजन, अधिक अर्धा नायट्रोजन, अधिक एक. हा डीबीई, म्हणजे डबल बाँड इक्विव्हॅलंट. रेणूत रिंगा आणि दुहेरी बंध मिळून किती, ते तो सांगतो. हिशोब न्यूट्रल रेणूच्या सूत्रावर करा. प्रोटॉन धरलेल्या आयनावर केला तर अर्धा कमी येईल. पिरिडिन ४, क्विनोलिन ७, ॲक्रिडिन १०. कार्बाझोल ९, बेन्झोकार्बाझोल १२, डायबेन्झोकार्बाझोल १५. दर बेन्झिन रिंगला तीनची उडी.

आडव्या अक्षावर कार्बनची संख्या, उभ्यावर डीबीई, ठिपक्याचा आकार उंचीनुसार. निगेटिव्ह मोडच्या चित्रात ९, १२ आणि १५वर जाड पट्टे दिसले तर कार्बाझोलची घराणी नीट पकडली असं समजायला हरकत नाही. डीबीई कार्बनच्या संख्येच्या नव्वद टक्क्यांपलीकडं गेलेली सूत्रं काढून टाका, तेलात इतके गच्च रेणू टिकत नाहीत.

आता सगळ्यात नाजूक जागा. एन१ (एकच नायट्रोजन), डीबीई ७ म्हणजे क्विनोलिनच, असं नाही. पिरिडिनला तीन नॅप्थेनिक (दुहेरी बंध नसलेल्या) रिंगा जोडल्या तरी डीबीई ७च येतो. स्पेक्ट्रम या दोघांत फरक करत नाही. फार तर एमएस/एमएसमध्ये तोडून बघता येतं की बाजूच्या साखळ्या गळाल्यावर गाभा कितीचा उरतो. तेवढा पुरावा हातात नसेल तर रचनेचं नाव घ्यायचं नाही.

‘किती आहे?’

गाइड हा प्रश्न विचारणारच. स्पेक्ट्रमवरून याचं थेट उत्तर देऊ नका. पीकची उंची संयुग किती आहे यावर अवलंबून असते तशीच ते प्रोटॉन किती सहज धरतं यावरही. जास्त बेसिक संयुग थोडं असलं तरी मोठं दिसतं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमधल्या टक्क्यांची तुलना तर कधीच नको, त्या दोन वेगळ्या तराजूंवरच्या तोलण्या आहेत. एकूण नायट्रोजन केमिल्युमिनेसन्सनं काढून घ्या. त्यासाठी एएसटीएम डी५७६२ आणि हलक्या तेलांना डी४६२९ या पद्धती आहेत. बेसिक नायट्रोजन परक्लोरिक ॲसिडच्या टायट्रेशननं निघतो, यूओपी २६९, ते तर आपल्या कॉलेजच्या लॅबमध्येही काळजीपूर्वक करता येतं. एकूणमधून बेसिक वजा केला की न्यूट्रलचा अंदाज येतो. मग मास स्पेक्ट्रोमेट्रीचं चित्र त्या आकड्यांशेजारी ठेवा. तुलना करायचीच असेल तर एकाच दिवशी, एकाच सेटिंगवर, एकाच कॉन्संट्रेशनला चालवलेल्या नमुन्यांची करा, उदाहरणार्थ हायड्रोट्रीटिंगच्या आधीचं तेल आणि नंतरचं.

प्रबंधाच्या तक्त्यात ‘क्विनोलिन्स’ असं लिहू नका. ‘एन१, डीबीई ७, सी१५ ते सी३८’ असं लिहा, जेवढं दिसलं तेवढंच. आणि परिशिष्टात ब्लँकमधून वजा केलेल्या पीकांची यादी जोडा, ३३८.३४१७सकट. असा प्रबंध माझ्याकडं तपासायला आला की मी आधी ती यादी उघडतो.